परात सरकवण्याचं कारण

आपण रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी काहीतरी थोर काम करतो, हे जयमाला चौगुलेला बावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून.

"एकतीस ठिकाणी, मावशी!" तन्वीर मुजावर म्हणाला. हा मिरजेचा इंजिनियर. जयमाला काम करायची त्या तासगावच्या बेदाणा केंद्रातली यंत्रं बघायला महिन्यातून एकदा यायचा, घाईत चहा प्यायचा आणि निघून जायचा. आज मात्र तो खुर्ची ओढून ऐसपैस बसला होता. "चष्म्याच्या काचा तपासणारा कारखाना, टपालाची छाननी, साड्यांच्या घड्या. एकतीस ठिकाणी तुमची रीत लावली आणि सगळीकडं चुका जवळजवळ निम्म्यावर आल्या."

"माझी कसली रीत?" जयमालानं विचारलं. तिला वाटलं, गडी चुकून दुसऱ्याच शेडमध्ये शिरलाय.

मुजावरनं हातातली पडद्याची पाटी तिच्यासमोर धरली. पाटीवर आठ ठिपके एका रांगेत बसले होते. अकरा दहा झाले, सगळे ठिपके थांबले. प्रत्येक ठिपक्याजवळचा छोटा चौकोन डावीकडच्या ठिपक्याकडे गेला. डावीकडच्या टोकाचा चौकोन रांगेला वळसा घालून उजव्या टोकाला पोचला. पंधरा मिनिटं गेली आणि चौकोन पेटीत पडले. चार वाजता पुन्हा तेच.

जयमालानं ठिपके मोजले. ठिपके म्हणजे तिच्या ओळीतल्या आठ बायका होत्या, चौकोन म्हणजे पराती, आणि पाचवा ठिपका ती स्वतः.

२०४३ साली बेदाण्याचं धुणं, वाळवणं, रंगाप्रमाणे वेगळं करणं सगळं यंत्रावर होत होतं. परदेशी जाणाऱ्या मालाची शेवटची निवड मात्र हातानंच चाले. बेदाणा चिकट असतो. दोन मण्यांच्या मध्ये अडकलेली काडी भिंगाला दिसत नाही, बोटाला कळते. म्हणून आठ बायका पट्ट्याशी बसायच्या, काड्या आणि खडे काढायच्या आणि निवडलेला माल शेजारी ठेवलेल्या आपापल्या परातीत टाकायच्या. अकरा दहाला मुकादमीण जयमाला पट्टा थांबवायची आणि म्हणायची, "सरकवा." मग प्रत्येकीनं आपली परात डावीकडच्या बाईला द्यायची आणि उजवीकडून आलेली परात पुन्हा एकदा चाळून बघायची. तीन वर्षं हे चाललं होतं. का, हे कोणी विचारलं नव्हतं.

आणि आता हा मुजावर नेमकं तेच विचारायला आला होता.

"साचेघराला कारण पाहिजे, मावशी. तुम्ही पराती का सरकवता?"

साचेघर म्हणजे काही इमारत नव्हे. ते एक यंत्र, आणि त्याचं लक्ष एकाच वेळी हजारो कामांच्या जागांवर. छताला लावलेल्या भिंगांतून ते बघत राहतं. चेहरा टिपत नाही, नाव टिपत नाही. कोणाच्या हातातली वस्तू कोणाकडे गेली, किती वेळ थांबली, परत आली का, एवढंच टिपतं. मग त्यातून एकेक गोष्ट वजा करतं. बेदाणा वजा, परात वजा, तासगाव वजा. शेवटी उरतात नुसते ठिपके आणि त्यांना जोडणारे बाण. ज्या मांडणीमुळे चुका कमी होतात ती मांडणी म्हणजे साचा. तो साचा उचलायचा आणि जिथे तशीच अडचण आहे तिथे नेऊन बसवायचा. तासगावच्या एका शेडमधली सवय अशी टपालाच्या छाननीत जाऊन पोचते आणि शेडमध्ये कोणाला कानोकान खबर नसते.

प्रत्येक साच्यात भरायच्या तीन जागा असतात: अडचण काय, करायचं काय आणि कशासाठी. पहिल्या दोन यंत्र स्वतः भरतं. तिसरी माणसानं भरायची. घरात कोणी तव्याला तेल लावत असेल, तर ते चवीसाठी की पोळी चिकटू नये म्हणून, हे कळल्याशिवाय नवा न चिकटणारा तवा आणल्यावर तेल ठेवायचं की बंद करायचं हे कसं ठरवणार? यंत्राचंही तसंच. कारण कळलं की ते साच्यातलं जरुरीचं तेवढं ठेवतं आणि बाकीचं छाटून टाकतं.

हे सगळं मुजावरनं मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. जयमालाच्या डोक्यात त्यातलं अर्धंच शिरलं. तिच्या डोक्यात शालनक्का होती.

शालन मोरे, वय अठ्ठावन्न, सहाव्या खुर्चीवर, म्हणजे जयमालाच्या लगेच उजवीकडे. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी शालननं पाण्याचा तांब्या समजून मिठाची बरणी उचलली होती. त्यानंतर जयमालानं तिच्या परातीकडे लक्ष ठेवलं. काड्या राहत होत्या, खडे राहत होते. शालन मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं बघत होती. समोरचं तिला दिसत नव्हतं.

केंद्राचा नियम सरळ होता. प्रत्येक पेटीवर ज्या खुर्चीनं ती शेवटी तपासली तिचा नंबर. एका खुर्चीच्या तीन पेट्या परत आल्या की ती खुर्ची रिकामी. शालनला पुण्याला मुलाकडे जायचं नव्हतं. "तिथं चौदाव्या मजल्यावर मला नाव सुदिक न्हाई," ती म्हणायची, "नुसती आजी." खुर्ची गेली की पुणं ठरलेलं. मग एकट्या शालनची परात आपल्याकडे ओढली तर डोळ्यांवर येईल, म्हणून जयमालानं आठही जणींच्या पराती सरकवायला सुरुवात केली. शालनला काय, कोणालाच तिनं हे सांगितलं नव्हतं.

आता लपवाछपवीचा हा डाव चष्म्याच्या काचांना कसा काय लागू पडला, हे तिला काही केल्या समजेना. तिथं थोडीच शालनक्का बसली होती?

"मावशी?" मुजावर वाट बघत होता.

"विसावा हो," जयमाला म्हणाली. "बसून बसून हात अवघडतात. परात सरकवली की जरा हालचाल होते. दुसरं काय असणार?"

मुजावरनं ते लिहून घेतलं. जयमालाला हायसं वाटलं. वेळ निभावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा दहाला पट्टा आपोआप थांबला. भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: विसाव्याची वेळ. दहा मिनिटं. हात वर ताणा. पराती जागेवरच ठेवा.

"हे काय गं आता?" चौथ्या खुर्चीवरची रुकय्या नदाफ म्हणाली. जयमालाची परात रोज तिच्याकडे जायची. "पराती ठेवा म्हणतंय. सरकवायच्या न्हाईत?"

जयमाला पडद्याकडे बघतच राहिली. हळूहळू तिच्या ध्यानात आलं. यंत्राला सांगितलं की पराती हाताच्या विसाव्यासाठी सरकतात. मग विसावाच हवा तर सरळ विसावा द्यावा, जड पराती कशाला उचलायच्या? यंत्रानं जरुरीचं तेवढं ठेवलं होतं आणि बाकीचं छाटलं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. आठ बायका हात वर ताणून उभ्या राहिल्या आणि शालनची परात तशीच पेटीत गेली, शालनच्या नंबरानं.

जयमालानं दुपारी ती परात गुपचूप आपल्याकडे ओढून बघितली. लगेच तिच्या मनगटावरचा, केंद्रानं दिलेला नोंदीचा पट्टा थरथरला आणि पडद्यावर आलं: पाचव्या खुर्चीला मदत हवी आहे का? सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिनं परात परत ठेवली.

बुधवारी पहिली पेटी परत आली. गुरुवारी दुसरी. दोन्ही सहा नंबरच्या. शालन मान आणखी तिरकी करून, मणी न् मणी बोटांनी चाचपून निवडत राहिली, आणि तिचा माल निम्मासुद्धा होईना.

शुक्रवारी मुजावर पुन्हा आला, आणि यावेळी त्यानं चहा मागितला नाही.

"एकतीसच्या एकतीस ठिकाणी चुका पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या," तो म्हणाला. "विसावा सगळीकडं दिला. उपयोग शून्य. कारण चुकलंय, मावशी. मला तर काही सुधरत नाही. सोमवारी हा साचा एका औषधाच्या केंद्रात जाणार आहे. रुग्णांच्या रोजच्या गोळ्यांच्या पुड्या बांधतात तिथं. इथं काडी राहते, तिथं चुकीची गोळी राहील. तुम्ही खरं काय ते सांगा."

"खरं सांगितलं तर काय होईल?"

"यंत्र त्याप्रमाणं साचा बदलेल."

म्हणजे शालनला दिसत नाही असं सांगितलं तर यंत्र शालनला काढेल. तेवढीच अडचण आहे म्हटल्यावर ते दुसरं काय करणार? आणि नाही सांगितलं तर तिसरी पेटी येतेच आहे, शिवाय कुठल्यातरी म्हाताऱ्याच्या पुडीत भलतीच गोळी. जयमालाला कुठूनही धागा सापडेना. "जेवणाच्या सुट्टीनंतर सांगते," एवढंच ती म्हणाली.

शेडच्या मागे, वाळवणाच्या रिकाम्या मांडवाखाली, शालन डबा उघडून बसली होती. जयमाला तिच्याजवळ टेकली. भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"शालनक्का, एक विचारू? आपण पराती का सरकवत होतो गं?"

शालननं चमकून तिच्याकडे, म्हणजे तिच्या कानाकडे बघितलं. "मला काय विचारतीस? तूच सुरू केलंस की."

"तरी पण. तुला काय वाटायचं?"

शालननं चटणी भाकरीला लावली. बराच वेळ लावली. "आता विचारतीसच तर सांगते. राग मानू नगंस. तुझ्यासाठीच की, माले."

"माझ्यासाठी?"

"बाहुबलीदाजी गेले त्या साली. तू कामाला याचीस, पण तुझं ध्यान जाग्यावर नसायचं. रुकय्या सांगायची, मालाक्काची परात म्हणजे नुसत्या काड्या. मग एक दिवस तू उठून 'सरकवा' म्हणालीस. आम्हाला वाटलं, हिचं हिलाच कळलंय बघ, पण तोंडानं सांगायला लाजतीया. आम्ही ठरवलं, कुणी काय बोलायचं न्हाई. रुकय्या तुझी परात दोनदा बघायची."

जयमालाचा नवरा गेला तो श्रावणात. पराती सरकायला लागल्या दसऱ्याच्या आसपास. हे दोन्ही एकाच वर्षी झालं होतं, आणि तिनं स्वतः कधी ते शेजारी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं.

"अगं, मी ते तुझ्यासाठी सुरू केलं होतं," शेवटी ती म्हणाली. "तुला दिसत नाही म्हणून."

शालनचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"कोणी नाही. दिसत होतं."

"मधोमध डाग हाय," शालन हळूच म्हणाली. "धुरावानी. कडंनं दिसतं. मिरजेच्या डॉक्टरनं सुया दिल्या डोळ्यात, म्हणाला थांबलं तर थांबलं. मी कुणाला म्हणून बोलले न्हाई." मग तिला एकदम हसू आलं, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. "म्हंजे तीन वर्षं तू माझं बघत हुतीस आन् आम्ही तुझं. आन् दोघी गप."

रुकय्या पाण्याची बाटली घेऊन आली तेव्हा तिलाही विचारलं. ती म्हणाली की तापानंतर तिच्या बोटांना मुंग्या येतात, आणि मालाक्कानं पराती सरकवायला लावल्या त्या आपल्याचसाठी असं तिला मनातल्या मनात वाटत आलं होतं. मालाक्काचं नाव तिनं पुढे केलं होतं खरं, पण ते आपल्यावर येऊ नये म्हणून. हे सांगताना ती लाजेनं लाल झाली.

आता कोणाचं खरं? जयमालाला वाटत होतं की आपल्याला कारण ठाऊक आहे आणि आपण ते लपवतोय. आता तिला तेही ठाऊक नव्हतं. शालनच्या परातीत तिनं काढलेल्या काड्या खऱ्या होत्या. पण रुकय्यानं तिच्या परातीत काढलेल्या काड्या? त्या होत्या की नव्हत्या? आपण शालनला सांभाळलं म्हणून मनात जो थोडा अभिमान होता, त्याचं काय करायचं?

जेवणाची सुट्टी संपली. मुजावर पाटी घेऊन वाट बघत होता. जयमालाबरोबर शालन आणि रुकय्याही आल्या, न बोलावता.

"लिहा," जयमाला म्हणाली. "कोणाची परात वाईट आहे ते आम्हाला ठाऊक नाही. म्हणून सगळ्यांच्या सरकवतो."

मुजावरनं वर बघितलं. "एवढंच?"

"एवढंच. आजच्या घडीला माझ्यापाशी हेच खरं आहे."

त्यानं ते जसंच्या तसं भरलं. यंत्रानं ते स्वीकारलं. मग मुजावर हळूहळू, स्वतःलाच समजावत असल्यासारखा बोलायला लागला. "असं आहे होय... प्रत्येक ओळीत कोणीतरी कच्चं असतंच. कोण, हे माहीत नसलं की माणूस शेजाऱ्याची परात मनापासून बघतो. माहीत असलं की बाकीच्यांच्या बघतच नाही. चष्म्याच्या कारखान्यात तेच असणार. टपालातही." तो एवढा खूश झाला की त्यानं शालनच्या डब्यातली उरलेली भाकरी मागून खाल्ली.

तेवढ्यात पाटीवर नवा प्रश्न उमटला.

"काय म्हणतंय?" शालननं विचारलं. तिला ती अक्षरं वाचता येणार नव्हती.

जयमालानं वाचून दाखवलं. "कोणाची परात वाईट आहे हे शोधता येईल. शोधू का? हो, नको."

मुजावरनं हातातला घास खाली ठेवला. यंत्राचं तर्कशास्त्र बिनचूक होतं. ठाऊक नाही ही अडचण असेल तर ठाऊक करून घेणं हा उपाय. कामगारांशी झालेल्या करारामुळे सरकलेल्या परातीतून शेजारणीनं किती काड्या काढल्या याची प्रत्येक खुर्चीमागची केंद्राची नोंद मोहोरबंद होती. पण साच्याच्या कारणासाठी लागली तर, ज्या मुकादमिणीनं साचा दिला तिच्या संमतीनं ती उघडता येत होती.

"हो म्हटलं तर सगळ्या ठिकाणच्या कच्च्या खुर्च्या आज संध्याकाळपर्यंत कळतील," तो म्हणाला. "मग सरकवायची गरजच उरणार नाही. नको म्हटलं तर त्या नोंदी कायमच्या पुसल्या जातील. साचा आहे तसा राहील, इथंही आणि औषधाच्या केंद्रातही. परत आलेल्या पेट्यासुद्धा मोजल्या जाणार नाहीत, त्या चुकीच्या साच्याच्या काळातल्या आहेत. पण मग कोण कच्चं होतं हे कधीच कोणाला कळणार नाही, मावशी. तुम्हालासुद्धा."

हे त्यानं सांगायला नको होतं. कारण जयमालाला कळून घ्यायचं होतं. तिला आत्ता, या क्षणी, जीव तोडून कळून घ्यायचं होतं की तीन वर्षं कोण कोणाला सांभाळत होतं. एकदा बोट लावलं की नवरा गेल्यानंतरची ती सगळी वर्षं आकड्यांत समोर आली असती. आपण खंबीर होतो की आपल्याला सगळ्यांनी मिळून उचलून धरलं होतं? बोट 'हो'वर जाऊन थांबलं.

"बघायचं तर बघ," शालन म्हणाली. "माझं निघालं तर मी पुण्याला जाईन, तुला बोल लावणार न्हाई. पण तुझं निघालं तर, माले?"

रुकय्यानं दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

जयमालाला कोणाचाच राग आला नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं. तिनं बोट उचललं आणि 'नको'वर ठेवलं. पाटीवरचे आठ ठिपके एकेक करून विझले. मुजावरनं पाटी मिटली आणि कोणाकडेही न बघता तो गाडीकडे गेला.

चार वाजता पट्टा थांबला. पडद्यावर काही आलं नाही.

"सरकवा," जयमाला म्हणाली.

पराती सरकल्या. तिची रुकय्याकडे गेली, शालनची तिच्यासमोर आली. तिनं मणी पसरले, बोटं फिरवली, वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एकही काडी नव्हती. एकही खडा नव्हता. शालननं आज जीव ओतून निवडलं होतं, की काड्या होत्या आणि जयमालालाच दिसत नव्हत्या, हे आता तिला कोणी सांगणार नव्हतं. शालन शेजारी मान तिरकी करून बसली होती, श्वास रोखून.

जयमालानं ती परात पेटीत ओतली नाही. दोन्ही हातांनी उचलली आणि तशीच पुढं रुकय्यासमोर ठेवली.

"एकदा तू बघ गं," ती म्हणाली.